पाचशे बारा बाइटांचा हिशेब

काटकसर हा गृहव्यवहारातील गुण होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यंत्रविद्येच्या संदर्भात तिचा उल्लेख क्वचितच होतो. आज सामान्य माणसाच्या खिशातील स्मार्टफोनमध्येही अब्जावधी बाइटांची स्मृती असते. अशा काळात, अवघ्या काही शे बाइटांत आपले काम बसविण्याचा छंद देशोदेशींचे विद्यार्थी, शिक्षक व हौशी कारागीर जोपासीत आहेत. सूक्ष्म नियंत्रक, अर्थात मायक्रोकंट्रोलर, हे या छंदाचे साधन आहे. हा छंद वरवर पाहता करमणुकीचा वाटला, तरी त्यात शिस्तीचे मोठे शिक्षण सामावलेले आहे.

एका चिपवरील संगणक

गणन करणारा भाग, स्मृती आणि बाह्य जगाशी जोडणारे मार्ग या तिन्ही गोष्टी एकाच चिपवर आणल्या की सूक्ष्म नियंत्रक तयार होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९७४ मध्ये टी.एम.एस. १००० ही अशी चिप बाजारात आणली. १९८० मध्ये इंटेल कंपनीची ८०५१ ही चिप आली. तिच्यात आज्ञावलीसाठी ४ किलोबाइट आणि चालू कामासाठी केवळ १२८ बाइट स्मृती होती. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांतून अनेक वर्षे हीच चिप शिकविली गेली. पुढे २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ या गावी, अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांनाही हाताळता यावा म्हणून आर्दुइनो हा फलक निर्माण झाला आणि हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडून घराघरांत पोहोचला.

स्मृतीचे तीन कप्पे

हौशी मंडळींत प्रिय असलेल्या ए.टी.टायनी ८५ या चिपचे उदाहरण घेऊ. तिला आठ पाय असून तिच्यात स्मृतीचे तीन कप्पे आहेत. पहिला फ्लॅश हा कप्पा ८ किलोबाइटांचा असून त्यात आज्ञावली राहते. दुसरा रॅम हा कप्पा ५१२ बाइटांचा असतो. काम चालू असतानाच्या नोंदी त्यात होतात आणि वीज जाताच त्या पुसल्या जातात. तिसरा ईईप्रॉम हा कप्पाही ५१२ बाइटांचाच. मात्र त्यातील नोंदी वीज गेल्यावरही टिकतात. या तिसऱ्या कप्प्यातील एका जागी सुमारे एक लाख वेळा लिहिता येईल, अशी निर्मात्याची ग्वाही असते. हा आकडा मोठा वाटतो. परंतु त्याच जागी दर मिनिटाला लिहिल्यास दिवसाचे १,४४० वेळा लेखन होते आणि ६९ दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. म्हणून किंमत बदलली तरच लिहावे, हा पहिला नियम होय.

पाण्याच्या टाकीचा हिशेब

समजा, ३ मीटर उंचीच्या पाण्याच्या टाकीतील पातळी दर दहा मिनिटांनी मोजून चोवीस तासांची नोंद ठेवावयाची आहे. एकूण नोंदी १४४ होतील. नवशिका विद्यार्थी सवयीने प्रत्येक नोंदीस चार बाइट देतो. त्यास ५७६ बाइट लागतात. म्हणजे ५१२ बाइटांच्या कप्प्यात ही वही मावतच नाही. दोन बाइटांत नोंद ठेवल्यास २८८ आणि एका बाइटात ठेवल्यास केवळ १४४ बाइट पुरतात. साहजिकच एका बाइटाचा मोह होतो.

येथेच सावध राहणे आवश्यक आहे. एका बाइटात ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५५ मध्ये एक मिळविला की उत्तर पुन्हा शून्य येते. टाकी काठोकाठ भरून पातळी ३०० सेंटिमीटर झाली, तर बाइटात ३०० मधून २५६ वजा होऊन ४४ हा आकडा उरतो. भरलेली टाकी यंत्रास जवळजवळ रिकामी दिसते. ते पंप सुरू करते, आणि पाणी व वीज दोन्ही वाया जातात. आज्ञावलीत व्याकरणाची चूक नसते, चिपही निकामी झालेली नसते. चूक हिशेबाची असते.

यावरील उपाय साधा आहे. पातळी सेंटिमीटरऐवजी दोन-दोन सेंटिमीटरच्या मापाने मोजावी. मग ३ मीटरची टाकी १५० मापांत बसते आणि एक बाइट पुरतो. टाकीच्या कामास याहून अधिक सूक्ष्मता लागत नाही. एखादा चतुर विद्यार्थी आणखी पुढे जाऊन पूर्ण पातळीऐवजी मागील नोंदीपासूनचा फरकच लिहील आणि अर्ध्या बाइटात, म्हणजे ७२ बाइटांत, दिवसभराचे फरक बसवील. परंतु अर्ध्या बाइटात उणे ८ ते अधिक ७ एवढाच फरक मावतो. पंपाने दहा मिनिटांत त्याहून अधिक पाणी चढविले, तर पुढील सर्व नोंदी चुकतील. काटकसर आणि कंजूषपणा यांतील सीमारेषा अशी अनुभवानेच कळते. किती वाचविता येईल, याच्याइतकाच किती वाचवू नये, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

सूचना न देणारा बिघाड

रॅम या कप्प्याची तुलना दोन्ही बाजूंनी लिहिल्या जाणाऱ्या वहीशी करता येईल. पुढील पानांपासून आज्ञावलीच्या नोंदी लिहिल्या जातात. हातातील काम थांबवून दुसरे काम करून परत कोठे यावयाचे, याच्या खुणा मागील पानांपासून लिहिल्या जातात. या मागील लिखाणास स्टॅक म्हणतात. दोन्ही लिखाणे मध्ये येऊन भिडली, तर एक दुसऱ्यावर गिरविले जाते आणि ही चिप त्याची कोणतीही सूचना देत नाही. यंत्र काही तास नीट चालते आणि मग अचानक भलतेच आकडे दाखविते. म्हणून मधली काही पाने कोरी ठेवणे, हा दुसरा नियम होय.

शब्दांनाही वजन असते. ‘टाकी भरली’ हा मजकूर आज प्रचलित असलेल्या यू.टी.एफ.–८ पद्धतीने साठविल्यास २५ बाइट व शेवटच्या खुणेचा एक, असे २६ बाइट व्यापतो. कारण देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह व मात्रा यांस तीन-तीन बाइट लागतात. विशेष सूचना न दिल्यास या चिपच्या प्रचलित भाषांतरकात असा मजकूर फ्लॅशमध्ये राहूनही रॅममधील जागा अडवितो. अशी वीस वाक्ये लिहिली की ५१२ बाइट संपलेच. मजकूर फ्लॅशमध्येच ठेवून तेथूनच वाचणे हा एक मार्ग. वाक्याऐवजी हिरवा व तांबडा दिवा लावणे हा दुसरा. पुष्कळदा दुसराच अधिक सोयीचा ठरतो.

शाळांसाठी संधी

नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या असून, निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळण्याची तरतूद त्यात करण्यात आली. साधने उपलब्ध झाली, तरी त्यांचा उपयोग शिक्षकाच्या दृष्टीवर अवलंबून राहतो. तयार आज्ञावली उतरवून दिवा लुकलुकविला की प्रयोग संपला, असे होऊ नये. विद्यार्थ्यास आधी कागदावर हिशेब मांडावयास लावावा : नोंदी किती, प्रत्येकीस बाइट किती, सर्वांत मोठा आकडा कोणता आणि तो ओलांडला गेल्यास काय होईल? बेरीज-वजाबाकी येणारा सातवीतील मुलगा किंवा मुलगीही हा तक्ता करू शकते.

सुरक्षिततेचे पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. शालेय प्रयोग ५ व्होल्टच्या मर्यादेतच करावेत आणि पंपाच्या जागी लहान दिवा जोडावा. प्रत्यक्ष पंपाची जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावी. ग्रामपंचायतीस असे यंत्र टाकीवर बसवावयाचे असेल, तर त्याच्या जोडीला पाण्यावर तरंगणारा स्वतंत्र बंद-कळीचा गोळाही ठेवावा, म्हणजे आज्ञावली चुकली तरी पाणी वाहून जाणार नाही. आज्ञावली अडकून पडल्यास चिपला पुन्हा आरंभापासून सुरू करणारी वॉचडॉग ही राखणदाराची सोय या चिपमध्ये असते. तिचा उपयोग अवश्य करावा, आणि आरंभीची स्थिती ‘पंप बंद’ हीच असावी.

मोठी स्मृती असलेल्या चिपा आज स्वस्तात मिळतात. तेव्हा ही यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. मोठ्या स्मृतीत बेफिकिरी खपून जाते. ती लहान स्मृतीत त्याच दिवशी उघडी पडते, हे त्याचे उत्तर होय. ज्याने ५१२ बाइटांचा हिशेब चोख ठेवला, त्याच्या हाती गावच्या पाण्याचा, विजेचा किंवा निधीचा हिशेब आला, तर ‘सर्वांत मोठा आकडा कोणता?’ हा प्रश्न तो आधी विचारील. शाळेच्या एका टेबलावर, मोजक्या खर्चात ही सवय लागत असेल, तर तो खर्च सत्कारणी लागला असेच म्हणावे लागेल.