धावणारा डॉक्टर

विद्यार्थी मित्रांनो, शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की तुम्ही काय करता? सकाळी मैदानावर धावता, संध्याकाळी पुन्हा धावता. पाय दुखले तरी थांबत नाही. जितका सराव जास्त, तितका वेग जास्त, असे तुम्हांला वाटते. हे कितपत खरे आहे? एका धावपटूची हकीकत वाचा आणि मग तुम्हीच ठरवा.

रॉजर बॅनिस्टर यांचा जन्म १९२९ साली इंग्लंडमध्ये झाला. ते वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी होते. एक मैल, म्हणजे सुमारे १६०९ मीटर अंतर धावण्यात ते पटाईत होते. १९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. याच स्पर्धांत आपल्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. बॅनिस्टर मात्र १५०० मीटर शर्यतीत चौथे आले. आयत्या वेळी एक फेरी वाढल्यामुळे त्यांना लागोपाठ तीन दिवस धावावे लागले होते. शरीराला सावरायला वेळच मिळाला नाही. खेळ सोडून द्यावा, असे त्यांच्या मनात आले. पण ते खचले नाहीत.

त्या वेळी एक मैल धावण्याचा विक्रम ४ मिनिटे १.४ सेकंदांचा होता. स्वीडनच्या गुंडर हेग यांनी तो १९४५ साली केला होता. चार मिनिटांच्या आत एक मैल धावणे कोणालाच जमले नव्हते. बॅनिस्टर यांनी ते करून दाखवायचे ठरवले.

अभ्यासामुळे त्यांना सरावासाठी दिवसातून जेमतेम अर्धा तास मिळे. म्हणून त्यांनी विज्ञानाची मदत घेतली. प्रयोगशाळेत फिरत्या पट्ट्याच्या यंत्रावर ते स्वतः धावत आणि श्वासाचे मोजमाप करत. आपण धावतो तेव्हा स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. फुप्फुसे तो हवेतून घेतात. हृदय तो रक्तातून स्नायूंपर्यंत पोहोचवते. पण वेग फार वाढला, की हा पुरवठा कमी पडतो आणि स्नायू लवकर थकतात. सुरुवातीलाच जोरात पळणारा मुलगा शेवटी मागे का पडतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. सर्व फेऱ्या शक्यतो सारख्या वेगाने धावाव्यात, हे बॅनिस्टर यांना पटले.

पाव मैलाची एक फेरी, मग दोन मिनिटे उसंत, पुन्हा एक फेरी. अशा दहा फेऱ्यांचा सराव ते मित्रांबरोबर करू लागले. डिसेंबर १९५३ मध्ये एका फेरीला ६६ सेकंद लागत. एप्रिलपर्यंत ही वेळ ६१ सेकंदांवर आली. पण तेथेच अडली. काही केल्या ती कमी होईना. तेव्हा त्यांनी काय केले? सराव वाढवला नाही, तर तो थांबवला! मित्राबरोबर ते तीन-चार दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत गेले. परत येऊन धावले, तेव्हा फेरीची वेळ ५९ सेकंद भरली.

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या मैदानावर शर्यत झाली. जोराचा वारा सुटला होता. धावावे की नाही, हे शेवटपर्यंत ठरत नव्हते. अखेर वारा मंदावला. ब्रॅशर आणि चॅटवे या मित्रांनी आळीपाळीने पुढे धावून वेग सांभाळला. तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा तीन मिनिटांहून किंचित जास्त वेळ झाला होता. शेवटच्या फेरीत बॅनिस्टर यांनी सर्व बळ एकवटले आणि ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. अवघ्या ४६ दिवसांनी ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी यांनी हा विक्रम मोडला. पण तोवर एक गोष्ट सिद्ध झाली होती : चार मिनिटांच्या आत मैल धावणे माणसाला शक्य आहे.

पुढे बॅनिस्टर मेंदू व मज्जासंस्थेच्या रोगांचे नामवंत डॉक्टर झाले. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, सराव केल्याने स्नायूंवर ताण पडतो. त्यांची झीज भरून निघते आणि ते बळकट होतात, ते विश्रांतीच्या काळात. तुमची तर हाडेही अजून वाढत आहेत. म्हणून आठवड्यातून एक-दोन दिवस तरी सरावाला सुट्टी द्या. धावण्यापूर्वी हलका व्यायाम करून अंग मोकळे करा. पुरेसे पाणी प्या, पुरेशी झोप घ्या. नव्या व्यायामाने अंग दुखले, तर ते बहुधा दोन-तीन दिवसांत थांबते. पण सांधा सुजला किंवा एकाच जागी तीव्र कळ येत असेल, तर खेळ थांबवा आणि शिक्षकांना सांगा. शरीराचे म्हणणे ऐकणे हा भित्रेपणा नव्हे, तो शहाणपणा आहे.

स्वाध्याय

१. बॅनिस्टर यांनी सराव थांबवल्यावर कोणता फायदा झाला?
२. सुरुवातीला फार जोरात धावणारा लवकर का थकतो?
३. करून पाहा : मनगटावरची नाडी १५ सेकंद मोजा व आलेल्या संख्येला ४ ने गुणा. मैदानाला एक फेरी मारून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा. फरक का पडला, ते पाच वाक्यांत सांगा.