अगं, आधी मूल कुठं अडलंय ते बघ

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आमच्या शाळेत साधा स्मार्ट टीव्हीसुद्धा नाही, मी या पोरांना उद्याच्या जगासाठी काय तयार करणार?" नुकतंच प्रशिक्षण झालंय ना तुझं, म्हणून हे सुचतंय. एकविसाव्या शतकाची कौशल्यं, चिकित्सक विचार, सर्जनशीलता. मग चार्टपेपरवर गटकार्य आणि ग्रुपवर टाकायला फोटो. त्यात खोटं काही नसतं गं. फक्त त्या हॉलमधून उठून डहाणूतल्या पाड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत आलं, की यातलं नेमकं काय कुठून सुरू करायचं ते कोणी सांगितलेलं नसतं. मी या खात्यात तुझ्यापेक्षा खूप आधी आले, म्हणून आपल्याआपल्यात सांगते. शिक्षण परिषदेत उभं राहून यातलं काही बोलू नकोस, निदान शिक्षण सेवक आहेस तोवर तरी.

टीव्हीचं मनाला लावून घेऊ नकोस. टीव्ही आहे पण वीजबिल थकल्यामुळे लाईट नाही, अशा शाळा मी पाहिल्यात. तिथं टीव्हीवर कापड असतं आणि कापडावर हार घातलेला फोटो. तुझ्याकडे नाही तर नाही.

तू आधी एक कर. पाठ्यपुस्तक थोडे दिवस बाजूला ठेव आणि एकेका मुलाला ओट्यावर तुझ्याजवळ बसवून वाचायला लाव. आधी सुटी अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत याच पायऱ्या असतात. एका मुलाला चार-पाच मिनिटं पुरतात. कोण कुठं थांबलं ते तुझ्या साध्या वहीत लिही, शासकीय नोंदवहीत नको. २०२४च्या असरमध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी जेमतेम तेवीस-चोवीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. २०२२च्या मानाने हा आकडा वाढलेला होता, तरी बघ. म्हणजे तिसरीच्या वर्गात उभं राहून तू तिसरीचा धडा शिकवायला लागलीस, की बहुतेक मुलांसाठी तू परक्या भाषेतला रेडिओ. मुलं गप्प बसतात, सुरात म्हणून दाखवतात, फळ्यावरचं सुबक उतरवून काढतात आणि बघणाऱ्याला वाटतं वर्ग छान चाललाय. वाचून समजत नाही अशा मुलापुढे कसलं चिकित्सक विचाराचं कौशल्य ठेवणार तू? जग बदलेल तसं त्याला पुढं आयुष्यभर आपलं आपण नवं शिकावं लागणार आहे. ते वाचल्याशिवाय होत नाही.

कोण कुठं अडलंय ते कळलं की दिवसातला एक तास इयत्ता विसरायची. अक्षरांवर अडलेली सगळी एकत्र, मग ती दुसरीतली असोत की चौथीतली. शब्दांवर अडलेली दुसरीकडे. ज्यांना वाचता येतं त्यांना गोष्टींची पुस्तकं देऊन मोकळं सोडायचं. हे माझ्या मनचं नाही. प्रथमने मुंबईत आणि बडोद्यात मागे पडलेल्या मुलांसाठी बालसखी नेमल्या होत्या. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफलो यांनी ते काम नीट मोजून पाहिलं आणि मुलांना त्याचा फायदा होतो असं दिसलं. पुढे २०१९मध्ये त्या दोघांना मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे याच धर्तीची कामं होती. आणि गंमत बघ, चार इयत्ता आणि दोन शिक्षक ही सगळ्यांना अडचण वाटते, पण या कामाला तीच सोय आहे. तुझी मुलं तशीही एकाच खोलीत बसतात. इयत्तेची भिंत पाडायला तुला कोणाची परवानगी लागत नाही.

अक्षरं शिकवताना 'क ख ग घ ङ' अशी ओळ धरून बसू नकोस. आपल्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी अमेरिकेतून येऊन अख्खं आयुष्य घातलं. त्यांच्या कमला निंबकर बालभवनात अक्षरं गटागटाने शिकवतात. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच त्यांतून शब्द करायचे. क, म, ल आणि काना एवढ्यावर 'काका', 'मामा', 'माला', 'कमल', 'काम' इतकं होतं. पहिल्याच आठवड्यात आपण काहीतरी खरं वाचलं, हे मुलाला कळतं. 'ङ' बिचारा वाट बघेल.

आता तुझ्या मुलांच्या भाषेचं. ती घरी वारली बोलतात, तू साताऱ्याची मराठी घेऊन गेलीस आणि पुस्तक तिसरंच बोलतं. त्यांना हसू नकोस आणि सुधारूही नकोस. सकाळी परिपाठानंतर एखाद्या मुलाला काल काय झालं ते सांगायला लाव. शेळी हरवली, खेकडे धरले, काहीही. ते जसं बोलेल तसंच फळ्यावर लिही, त्याच्याच शब्दांत. मग तेच सगळ्यांनी वाचायचं. तुला शब्द कळला नाही तर वर्गाला विचार. बाईंना आपल्याकडून काही शिकायचंय, हे मुलांना कळलं की ती कशी खुलतात ते बघच. पुस्तकातली मराठी मागून येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा, असं म्हटलंय. तेव्हा कोणी विचारलं तर सांगायला आधार आहे.

गणिताचं मात्र नीट ऐक. २०२५मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. बॅनर्जी आणि डफलो त्यातही आहेत. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांना त्यांनी पारखलं. ती मुलं अर्धवट वजनं, वेगवेगळे भाव, सुटे पैसे हे सगळं तोंडी आणि बरोबर करत होती. तीच गणितं कागदावर शाळेच्या पद्धतीने मांडून दिली की त्यांची दांडी गुल. उलट शाळेत जाणारी, बाजारात न बसलेली मुलं कागदावर बऱ्यापैकी, पण बाजाराचा तोंडी हिशोब घातला की बहुतेकांना जमेना. मला हे वाचून धक्का बसला नाही. दुकानात अचूक सुटे परत आणणारं पोर वजाबाकीत हातचा घ्यायला विसरतं, हे आपण रोज बघतो. पण आपण म्हणतो, पोर कच्चं आहे. शाळेचं आणि बाजाराचं गणित एकमेकांना भेटवणं हे आपलं काम होतं, असं कोणी म्हणत नाही.

तुझ्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या आया चिकू वेचायला जातात, कोणी टोपली घेऊन बाजारात बसतात. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय, तू तर त्या गावाच्या शेजारीच आहेस. वर्गात चिकूचा बाजार मांड. एक विकेल, एक घेईल. पाऊण किलोचे किती झाले, ते आधी तोंडी. "कसं काढलंस?" हे विचारायला विसरू नकोस, सगळा जीव त्यातच आहे. मुलगी म्हणेल, अर्ध्याचे एवढे, पावाचे एवढे, मिळून एवढे. मग तिने जे केलं तेच फळ्यावर आकड्यांत मांड आणि सांग, तू आत्ता हे केलंस. दुसरी मुलगी वेगळ्या वाटेने तिथंच पोचली असेल, तर तीही वाट शेजारी मांड. मग उलटं कर. पुस्तकातलं शाब्दिक उदाहरण घे आणि त्याचा बाजार करायला सांग. हे सावकाश चालतं. तासाला दोनच उदाहरणं होतात, अभ्यासक्रम मागे पडल्यासारखा वाटतो आणि पोटात गोळा येतो. येऊ दे.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव तू ऐकलं असशील. प्रतिभा भराडे बाई तिथं विस्तार अधिकारी होत्या आणि तिथल्या शाळांत मुलं फरशीवर बसून, साहित्य हाताळत, एकमेकांशी बोलत आपलं आपण शिकत होती. २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून गाड्या भरभरून शिक्षक कुमठ्याला येऊ लागले. परत जाऊन पुष्कळांनी काय केलं सांगू? फरशा रंगवल्या. संख्यारेषा, बाराखडी, सापशिडी, सगळं ऑइलपेंटमध्ये. त्यावर मुलांच्या मांड्या ठेवल्या आणि शिकवणं पूर्वीसारखंच. रंगाचा फोटो निघतो गं, मुलाच्या डोक्यात काय चाललंय त्याचा निघत नाही. तुला रंगवावंसं वाटलं तर जरूर रंगव, पण त्या रेषेवर उडी मारताना मूल काय म्हणतं ते ऐकायला तू तिथं असायला हवीस.

नोंदींचंही तसंच. 'स्वतःहून प्रश्न विचारतो' ही वर्णनात्मक नोंद तयार पीडीएफमधून उचलून सगळ्या वर्गाच्या नावापुढे लिहिलेली असते आणि वर्षभर त्या वर्गातून एक प्रश्न ऐकू येत नाही. तू फळ्याचा एक कोपरा प्रश्नांसाठी राखून ठेव. मूल विचारेल तो प्रश्न तिथं लिही, खाली विचारणाऱ्याचं नाव घाल आणि उत्तर लगेच देऊ नकोस. येत असलं तरी नको, हे आपल्या शिक्षकांच्या जातीला फार जड जातं! "हे कुठं कळेल?" एवढंच विचार. विहीर कधी आटते, हे आजोबांना विचारून कळेल. मुंगी किती वजन ओढते, हे बघून.

फोनला घाबरू नकोस. पाड्यावर आज ना उद्या प्रत्येक घरात तो असणारच, आणि आता तर त्याला मराठीत विचारलं की तो मराठीत उत्तर देतो. 'माझा आवडता ऋतू' पूर्वी गाईडमधून उतरायचा, आता फोनमधून उतरेल. मग असलं लिहायला देऊच नकोस. 'आमच्या पाड्यावर पावसाळ्यात कोण कोण आजारी पडलं आणि का?' हे दे, ते कुठून उतरवणार? थोड्या मोठ्या मुलांबरोबर आणखी एक कर. आपल्या गावाबद्दल, भाताच्या जातींबद्दल, सणाबद्दल तुझ्या फोनला सगळ्यांसमोर प्रश्न विचार. उत्तर फळ्यावर उतरव आणि मुलांना घरी पाठव, आजीला विचारून या, यातलं खरं किती. दुसऱ्या दिवशी मुलं ज्या ऐटीत फोनच्या चुका सांगतील ना! गोड बोलून ठामपणे सांगितलेली गोष्टसुद्धा तपासायची असते, हे त्यांना भाषण न देता कळेल. आणि कधी फोन बरोबर निघेल, आजी चुकलेली असेल, तेही कळू दे.

सहावी-सातवीचे वर्ग कधी मिळाले तर सुट्टीत पाबळला जाऊन ये, पुणे जिल्ह्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी मोठ्या कंपनीतलं काम सोडून १९८३मध्ये तिथं विज्ञान आश्रम काढला. वेल्डिंग, वायरिंग, माती तपासणं, शेती, असं करत करत मुलं विज्ञान शिकतात. दप्तराविना दहा दिवस वगैरे आता धोरणात आलंय. तिथं ते फार आधीपासून चालू आहे.

तुझ्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांचं, सरांचं म्हणशील तर जरा जपून. ते तिथं खूप वर्षं आहेत, पोषण आहाराच्या तांदळापासून बीएलओच्या मतदारयादीपर्यंत सगळं त्यांच्या डोक्यावर. तू नवी पोर जाऊन "सर, हे असं नको" म्हणालीस तर ते तोंडाने काही बोलणार नाहीत आणि मदतही करणार नाहीत. त्यांना अर्ध्या ऑनलाईन माहित्या भरून दे, तुझा हात चपळ आहे. त्या बदल्यात तो वाचनाचा एक तास माग. मुलं वाचायला लागलेली दिसली की ते आपोआप मधे येऊन बसतील, किंवा नाही बसणार. तरी तास तुझाच. आणि माहित्या भरायच्या त्या मुलं घरी गेल्यावर. वर्गात मोबाईल हातात धरून लिंक भरणाऱ्या बाई होऊ नकोस. एकदा ती सवय लागली की सुटत नाही.

सोळा हजारांच्या मानधनात खोलीभाडं, वडाप आणि घरी थोडे पाठवणं, हे सगळं कसं बसतं ते मला ठाऊक आहे. आंतरजिल्हा बदली हे तुझं स्वप्न आहे हेही ठाऊक आहे आणि त्यात गैर काहीच नाही. फक्त "मी काय, बदली होऊन जाणार" असं मुलांसमोर, गावासमोर बोलू नकोस. त्या पाड्याने असे पुष्कळ जण पाहिलेत.

एका रविवारी कोसबाडच्या टेकडीवर जाऊन ये, तुला जवळ आहे. ताराबाई मोडकांनी आधी बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी ती तिथली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या. गुरं चरतात तिथंच शाळा. तेव्हाही कोणी म्हणालं असेलच की पोरांना शिकायची आवड नाही.

हे सांगायचं कारण तुझी मुलं. भातकापणी झाली की तुझ्या पाड्यावरची काही घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातील आणि मुलंही सोबत जातील. हजेरीपटावर नाव राहील, मूल नसेल. त्या भट्ट्यांवर पूर्वी भोंगाशाळा चालवल्या गेल्या, झोपडीत भरणाऱ्या. आज तिथं जवळच्या झेडपी शाळेत मूल बसू शकतं, पण कोणीतरी त्याला तिथं पोचवायला हवं. तेव्हा आत्तापासून घरोघर विचारून ठेव, कोण जाणार, कुठल्या गावच्या भट्टीवर, मुकादम कोण, फोन कोणाचा. शिक्षण हमी कार्डं भर. तुझ्या वहीतली, कोण कुठं अडलंय ती ओळसुद्धा एका चिठ्ठीवर लिहून कार्डाला टाच, म्हणजे तिकडच्या बाईंना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आजीकडे मागे राहू शकतील अशी किती आहेत तेही बघ, आणि त्यांच्या रात्रीच्या जेवणाचं काय, हे शाळा व्यवस्थापन समितीत काढ. कार्डं दिवाळीच्या सुट्टीआधी पुरी कर. सुट्टीनंतर शाळा उघडशील तेव्हा ती मुलं गेलेली असतील.