स्मृती आणि कपाशीवरील औषध

आपल्या खानदेशात श्रावण-भाद्रपदात कपाशीच्या वावरातून पाठीवर पंप घेतलेली माणसे दिसू लागतात. पंपात काय आहे, असे विचारल्यास ‘औषध’ एवढेच उत्तर मिळते. या औषधाचा स्मरणशक्तीशी काय संबंध, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मेंदूतील पेशी परस्परांस चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. ऍसिटिलकोलीन नामक द्रव्य ती ओलांडून निरोप पोचविते. निरोप पोचताच कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या द्रव्याचे तुकडे करिते. वर्गातील फळा पुसणाऱ्या मुलाचेच हे काम होय. फळा पुसलाच नाही, तर पुढचा धडा कोठे लिहावा? मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस इत्यादी कीटकनाशके याच विकरास निकामी करितात. कीड त्यामुळेच मरते. आणि हे विकर मनुष्याच्या देहातही आहे.

१९६६ साली अमेरिकेत डॉइच व त्यांचे सहकारी यांनी उंदरांस दुफाट्याच्या मार्गात उजेडाची वाट ओळखण्यास शिकविले आणि पुढे निरनिराळ्या दिवशी हे विकर रोधणारे औषध त्यांच्या मेंदूत टोचले. धडा चांगला पक्का असताना औषध दिले, तेव्हा उंदीर तो विसरले. परंतु पुष्कळ दिवस लोटून धडा आपोआप विसरला जाऊ लागल्यावर त्याच औषधाने त्यांस आठवण झाली! निरोप क्षीण असेल, तर तो थोडा वेळ टिकविणे हिताचे. तो भरपूर असता आणखी साचविल्यास मात्र गोंधळ माजतो, असा याचा अर्थ त्या संशोधकांनी लाविला.

हेच तत्त्व वैद्यकासही उपयोगी पडले. डोनेपेझिल हे विकररोधक औषध १९९६ साली अमेरिकेत अल्झायमर रोगासाठी मान्य झाले. ते रोग बरा करीत नाही. स्मृतीस काही काळ हातभार मात्र लाविते.

वैद्याने मोजून दिलेली मात्रा आणि वाऱ्याने अंगावर उडालेले विष यांत महदंतर आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, फवारणी चालू असता मुलांस वावरात नेऊ नये व रिकामे डबे घरात पाण्यास किंवा धान्यास वापरू नयेत. कोणास लाळ, घाम वा धाप लागून डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यास त्यास तत्काळ वावराबाहेर न्यावे, कपडे काढून अंग साबणपाण्याने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रुग्णालयात पोचवावे. तेथे ऍट्रोपीन टोचतात. हे द्रव्य आपल्या बांधावरील धोत्र्यातही असते. तथापि घरी धोत्रा देणे म्हणजे एका विषावर दुसरे विष घालणे होय.

विद्यार्थिमित्रहो, जो धडा उंदरांनी शिकविला, तो कपाशीच्या वावरात आपण न विसरावा.