आधी नमुना, मग ऑर्डर

प्रश्न : घराचे बांधकाम संपत आले आहे. मोबाइलवर दिसलेली व्हिट्रिफाइड फरशी दुकानापेक्षा स्वस्त पडते. मागवावी का?
– एक वाचक, पाचोड (ता. पैठण)

उत्तर : मागवा, पण आधी एक नमुना हातात घ्या. पडद्यावरचा रंग आणि उन्हातला रंग सहसा जुळत नाही.

दराची तुलना घरपोच खर्चासह करा. फरशी जड असते. गुजरातमधील मोरबीहून पाचोडपर्यंतचे भाडे आणि उतरवण्याची हमाली धरली, तर स्वस्ताई बरीचशी विरते. गाडी दारात येणार की संभाजीनगरच्या ट्रान्सपोर्टवरच माल सोडणार, हे लेखी विचारा.

हिशेब असा : १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कटाई-तुटीचे १० टक्के धरून १३२. दोन बाय दोनच्या चार फरश्यांचा बॉक्स साधारण साडेपंधरा चौरस फूट भरतो, म्हणजे नऊ बॉक्स लागतील. सगळे एकदमच घ्या आणि बॉक्सवरचा बॅच व शेड क्रमांक एकच आहे का, ते पाहा. नंतर मागवलेल्या मालाची छटा वेगळी निघू शकते. आयएस १५६२२ हे फरश्यांचे भारतीय मानकही तपासा. न्हाणीघर आणि ओट्याला चकचकीत नको, मॅट घ्या.

माल उतरवतानाच बॉक्स उघडा, व्हिडिओ काढा, तूटफूट पावतीवर लिहून मगच सही करा. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेणे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला बंधनकारक आहे. टाळाटाळ झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते. मात्र मिस्त्रीने फरशी बसवल्यावर तक्रार टिकवणे अवघड.