स्वमग्न बालकांतील अपस्मार

सोलापूर-वाडी लोहमार्गाला विजयपूर-गदगचा फाटा जेथे फुटतो, ते होटगी जंक्शन. या सीमाभागात मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडतात. त्यामुळे चार वर्षांचे मूल बोलत नसेल, तर दोन भाषांमुळे ते गोंधळले असावे असे समजून घरची मंडळी वाट पाहतात. वस्तुतः दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही. ती जन्मापासूनची मेंदूच्या वाढीतील भिन्नता होय.

अशा बालकांत अपस्माराचे, म्हणजेच फेफऱ्याचे, प्रमाण इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. बौद्धिक अक्षमता सोबत असल्यास ते आणखी वाढते. झटके काहींना पहिल्या पाच वर्षांत, तर काहींना वयात येताना सुरू होतात. सातवीतील मुलाला प्रथमच झटका आला, तर त्यात बाहेरची बाधा शोधण्याचे कारण नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केल्यानंतर कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. तो आरोप खोडून काढण्यास अपस्माराच्या या निरीक्षणानेही हातभार लावला. आपल्याकडे मात्र तो दोष आजही सुनेच्या माथी बसतो.

खरी अडचण ओळखण्याची आहे. स्वमग्न मूल हाकेला ओ देत नाही, एकटक पाहते, हात हलवीत राहते. अपस्माराचा सौम्य झटकाही असाच दिसतो. खांद्याला स्पर्श करताच किंवा आवडती वस्तू समोर धरताच मूल भानावर आले, तर तो बहुधा झटका नव्हे. शंका असल्यास शिक्षकांनी दिनांक, वेळ व अवधी नोंदवावा आणि जमल्यास भ्रमणध्वनीवर चित्रण करावे. मेंदूच्या आलेखाइतकेच हे चित्रण डॉक्टरांना उपयोगी पडते.

झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत. तोंडात चमचा वा पाणी घालू नये. कांदा अथवा चप्पल हुंगवल्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. औषध एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. यात्रेच्या किंवा ऊसतोडीच्या हंगामात गोळ्या संपतात आणि झटके परततात, म्हणून गोळ्यांचा साठा आधीच सोबत घ्यावा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा व शाळांत एकदा तपासणी करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी सोलापूरला खेटे घालणाऱ्या पालकाची त्या दिवसाची मजुरी बुडते. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखलेल्या पाच टक्के निधीचा विचार करताना हा प्रवासखर्चही सभेपुढे ठेवावा.