पदार्थविज्ञान : शुद्ध कीं उपयोजित?

विद्यापीठांत शुद्ध पदार्थविज्ञान घ्यावें कीं उपयोजित, असें विद्यार्थी पुसतात. आम्ही एक दाखला देतों. उद्दीपित उत्सर्जनाचें तत्त्व आइन्स्टाइननें १९१७ सालीं मांडिलें. पहिला लेसर मेमननें माणकाच्या कांडीपासून १९६० सालीं सिद्ध केला. ‘असें कां घडतें?’ हा प्रश्न ज्यास स्वस्थ बसूं देत नाहीं, त्यानें शुद्ध शाखा धरावी. मात्र गणिताचे कष्ट सोसावे व फळाची घाई करूं नये. ‘हें घडवावें कसें?’ म्हणून ज्याचे हात शिवशिवतात, किंवा ज्यास घरचा भार लौकर उचलावयाचा आहे, त्यानें उपयोजित शाखा घेण्यांत कमीपणा नाहीं. केवळ नांवास न भुलतां दोन्ही अभ्यासक्रम ताडून पाहावे. यामिकी, विद्युत् व प्रकाश यांचा पाया दोहोंस लागतोच. तो भक्कम असल्यास पुढें वाट बदलतां येते.