मृगाचा किडा आणि वडिलांची अडचण

गेल्या मृगाच्या सुमारास एक परिचित गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन माझ्या दवाखान्यात आले. दुखणे असे काही नव्हते. थोरल्या मुलीला चष्मा लागला, धाकट्याला तरी तो लागू नये यासाठी काय तजवीज करावी, एवढीच त्यांची पृच्छा होती. मी म्हटले, "रोज दिवसाउजेडी दोन तास याला बाहेर न्या, टेकडीवर न्या." त्यावर ते संकोचाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नेतो की. पण झाडापाखरांतलं मला ओ की ठो कळत नाही. यानं विचारलं तर सांगू काय?"

वाचकहो, हीच अडचण आपल्यापैकी पुष्कळांनी वेगवेगळ्या शब्दांत माझ्या कानी घातलेली असल्यामुळे तिचा खुलासा येथे जाहीरपणे करतो. घरातील दिव्यांचा उजेड काहीशे लक्सच्या पलीकडे सहसा जात नाही, आणि उघड्यावर मात्र झाडाच्या सावलीतसुद्धा तो काही हजारांच्या घरात असतो. या उजेडामुळे दृष्टिपटलात डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि नेत्रगोलाची अकाली लांबण्याची प्रवृत्ती, जिच्यामुळे दूरचे अंधुक दिसू लागते, तिला आळा बसतो, असे नेत्रतज्ज्ञ मानतात. (एकदा लागलेला नंबर याने उतरत नाही, उपाय आहे तो न लागण्यासाठी.) आता या साऱ्या व्यवहारात पाखराचे नाव पित्यास ठाऊक असण्याची अट कोठेच नाही, बुलबुलाला कोतवाल म्हटल्याने उजेडात तीळमात्र घट होत नाही.

आणि नाव ठाऊक नसणे ही उणीव तरी का मानावी? 1908 साली मुंबईत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी मामांपुढे आणून ठेवली, तेव्हा शिकारीत मुरलेल्या त्या मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, ती ओळखता आली नाही. म्हणून त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत धाडले. मामांनी तेथल्या तेथे काहीतरी ठोकून दिले असते, तर सलीम अलींना त्या वयात त्या कचेरीची पायरी चढण्याचे प्रयोजनच उरले नसते. (बंदुकीचा भाग आपण अर्थातच वगळावा.)

आमचे गृहस्थ पुढे त्याच वाटेने गेले. पहिल्या सरीनंतर टेकडीवरच्या ओल्या मातीत त्यांना कुंकवासारखा लाल, मखमली मृगाचा किडा दिसला. नाव तेवढे त्यांना ठाऊक होते, परंतु "बाबा, याला पाय किती?" या प्रश्नावर गाडी अडली. मग दोघेही उकिडवे बसले. किड्याला तळहातावर घेतले, तो त्याने पाय पोटाशी आवळून घेतले. बापलेक निमूट थांबले, आणि तो पुन्हा चालू लागताच मुलाने बोट न लावता मोजले. आठ! कीटकाला पाय सहा. सबब आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या किडा म्हणत आलो, तो वास्तविक कोळ्याच्या गोतातला. मी स्वतः ग्रंथ उघडून पाहिल्यावरच हे मानले, अशी कबुली देऊन ठेवतो.

मात्र अज्ञानाची ही मुभा नावांपुरतीच आहे, जिभेपुरती नाही. मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुले खातात आणि वांत्या-जुलाबांनी बेजार होऊन इस्पितळात पोहोचतात. तेव्हा अनोळखी फळ, बी वा चीक तोंडात घालण्यास सक्त मनाई असावी. दगडाखाली फुरसे असू शकते, म्हणून दगड हाताने उलथू नये, आणि खाजकुयलीच्या शेंगेला लांबूनच नमस्कार करावा. किडा ज्या मातीतून उचलला तेथेच परत सोडावा, व घरी आल्यावर लहानमोठ्या सर्वांनी साबणाने हात धुवावेत.